इंग्लंडांतील प्रांतिक रौप्य-चमचे : एका प्रमाणपद्धतीचें परीक्षण

जुन्या इंग्लंडांतील लहान शहरांच्या सोनारांनीं घडविलेले चांदीचे चमचे हा विषय त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं दूरचा वाटेल. ताम्रपट, नाणीं, सनदा व बखरी यांच्या चर्चेंत रमणाऱ्या मंडळीस परक्या देशांतील चमच्यांशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारल्यास तो प्रश्न अस्थानीं म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्या वस्तूवर कर्त्याचें पूर्ण नांव नाहीं, स्थळाचा स्पष्ट उल्लेख नाहीं व कालाचा निर्देश नाहीं, तिचें कर्तृत्व, स्थळ आणि काल कोणत्या प्रमाणांनीं ठरवावा, हा प्रश्न त्या चमच्यांच्या अभ्यासकांपुढें व आमच्यापुढें एकच आहे. तिकडे या प्रश्नावर शंभरांहून अधिक वर्षें ग्रंथरचना होत आली आहे. तींतील सिद्धांत कोणत्या हेतूंवर उभे आहेत व ते हेतु कसास कितपत उतरतात, एवढेंच पाहणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. चमच्यांची किंमत किंवा शोभा हा आमचा विषय नव्हे.

(१) विषयाची मर्यादा

इंग्लंडांत चांदीच्या शुद्धतेचा कायदा फार जुना आहे. इ. स. १३०० मध्यें पहिल्या एडवर्डाच्या कारकीर्दींत हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी हें प्रमाण बांधलें गेलें, व कसास उतरलेल्या वस्तूवर चित्त्याच्या मुखाचा ठसा मारण्याची आज्ञा झाली. १३६३ सालीं प्रत्येक सोनारानें आपला स्वतंत्र ठसा ठेवावा असें ठरलें. १४७८ पासून लंडन येथें वर्षाक्षराची चाल पडली, म्हणजे दर वर्षीं एक निराळें अक्षर ठशांत येऊं लागलें. आणि १५४४ पासून चालत्या सिंहाचा ठसा त्यांत मिळाला. त्यामुळें लंडनच्या चमच्याचें वर्ष शिलालेखांतील शकाप्रमाणें वाचतां येतें. तेथें वादास जागा थोडी.

प्रांतांची स्थिति याहून निराळी. १४२३ च्या कायद्यानें यॉर्क, न्यूकॅसल, लिंकन, नॉरिच, ब्रिस्टल, सॉल्सबरी व कॉव्हेंट्री या सात शहरांस स्वतःचे ठसे ठेवण्याचा अधिकार मिळाला. यांपैकीं कांहीं शहरांनीं तो अधिकार बजावल्याचा निर्विवाद पुरावा नाहीं. उलट एक्झिटर, बार्नस्टेपल, टॉन्टन, हल, किंग्ज लिन अशा, त्या यादींत नसलेल्या शहरांतील सोनार आपापले ठसे खुशाल मारीत होते. यॉर्क येथें १५५९ पासून व नॉरिच येथें १५६५ पासून वर्षाक्षरें आढळतात, तींही सलग नव्हेत. इतर बहुतेक ठिकाणीं तीं मुळींच नाहींत. याचें कारण उघड आहे. बार्नस्टेपलहून लंडन सुमारें २०० मैल. चार चमचे कसास लावण्यासाठीं घोड्यावरून तेवढी वाट कोणी तुडवावी? गिऱ्हाइकाची सोनारावरील श्रद्धा हाच तेथें कस होता, व सोनाराचा ठसा हीच त्या श्रद्धेची खूण होती.

१६९७ मध्यें शुद्धतेचें प्रमाण वाढवून हजारांत सुमारें ९५८ केलें गेलें, आणि त्या कायद्यांत प्रांतिक शहरांचा उल्लेखच राहून गेला. ही अडचण दूर करण्यासाठीं पुढील कायद्यानें १७०१ पासून यॉर्क, एक्झिटर, ब्रिस्टल, चेस्टर व नॉरिच येथें कस पाहणाऱ्या कचेऱ्यांस मान्यता मिळाली. न्यूकॅसलची भर १७०२ त पडली. येथून पुढें डेव्हन, सॉमरसेट व कॉर्नवॉल या पश्चिमेकडील परगण्यांतील सोनार एक्झिटरच्या कचेरींत आपले ठसे नोंदवूं लागले व अंधार बराच निवळला. म्हणून प्रांतिक चमच्यांची खरी वादभूमि म्हणजे १७०१ पूर्वीचीं सुमारें दीडशें वर्षें होय.

या काळांतील पहिल्या शतकाचा चमचा ओळखण्यास सोपा आहे. त्याची वाटी अंजिराच्या आकाराची, दांडा बारीक व पैलूदार, आणि दांड्याच्या माथ्यावर ओतीव शेंडा. हा शेंडा कधीं उपड्या मोहरेसारखा चपटा, कधीं बसलेला सिंह, कधीं कुमारीचें मुख, तर कधीं ख्रिस्ताच्या बारा प्रेषितांपैकीं एकाची मूर्ति. १६६० मध्यें राजसत्ता परतल्यावर फ्रान्सच्या वळणाचा चपटा दांडा व तीन पाकळ्यांचें टोंक यांची चाल पडली आणि ओतीव शेंडा मागें पडत गेला. १६४२ नंतरच्या यादवींत दोन्ही पक्षांनीं सैन्याच्या पगारासाठीं चांदीचीं मोठीं भांडीं आटविलीं. चमचा मात्र लहान. शिवाय बारशाची किंवा लग्नाची भेट म्हणून तो जिवापाड जपलेला. मृत्युपत्रांत एकेका चमच्याची वांटणी नांवानिशीं केलेली आढळते. प्रांतिक सोनाराच्या हातचें जें थोडें उरलें आहे, त्यांत चमच्यांचा वांटा मोठा असण्याचें कारण हें आहे.

(२) जॅक्सन यांची पद्धति व लिंकनचें उदाहरण

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया सर चार्ल्स जॅक्सन (१८४९–१९२३) यांनीं घातला. त्यांच्यापूर्वीं चॅफर्स (१८६३) व क्रिप्स (१८७८) यांचे ग्रंथ प्रचारांत होते. जॅक्सन यांचा ‘इंग्लिश गोल्डस्मिथ्स अँड देअर मार्क्स’ हा ग्रंथ १९०५ मध्यें व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १९२१ मध्यें निघाली. जॅक्सन पेशानें कायदेपंडित होते व पुराव्याची चाड त्यांच्या प्रत्येक पानावर दिसते. मागील याद्यांतून ठसे उतरून न घेतां प्रत्यक्ष वस्तु हातीं घेऊन त्यांवरून हजारों ठशांच्या आकृति त्यांनीं तयार केल्या. प्रत्यक्षास प्रथम स्थान देणारा हा दंडक त्यांनीं घालून दिला, याबद्दल पुढील सर्व अभ्यासक त्यांचे ऋणी आहेत. इयन पिकफर्ड यांच्या संपादकत्वाखालीं १९८९ मध्यें त्या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ति निघाली, व आजही ठसा पाहिला कीं प्रथम याच ग्रंथाकडे हात जातो.

परंतु ठसा बिनचूक उतरणें हें एक, व तो अमुक शहराचा असें ठरविणें हें दुसरें. दुसऱ्या कामांत जॅक्सन यांनीं शहरांच्या मानचिन्हांचा पुष्कळ आधार घेतला. कांहीं ठिकाणीं तो पक्का आहे. यॉर्कचा ठसा म्हणजे अर्धें चित्त्याचें मुख व अर्धें लिलीचें फूल यांची जोडणी. नॉरिचचा म्हणजे सिंहावर किल्ला. हलचा म्हणजे तीन मुकुट. अशी संयुक्त चिन्हें दुसरीकडे सहसा संभवत नाहींत; शिवाय त्या त्या शहराचे दप्तर व आसपासच्या चर्चांतील पात्रें त्यांस दुजोरा देतात. टॉन्टनचा ठसा तर नामचित्रच आहे: ‘टी’ हें अक्षर व ‘टन’ म्हणजे पीप. बार्नस्टेपलचें ‘बॅरम’ हें जुनें नांव अक्षरांनींच कोरलेला ठसाही आहे, व तेथें शंका घेणें म्हणजे सूर्यास दिवटी दाखविणें होय.

लिंकनची गोष्ट मात्र निराळी. लिंकनच्या मानचिन्हांत क्रुसावर लिलीचें फूल आहे. एकेरी लिलीपुष्पाचा ठसा कांहीं चमच्यांवर आहे. यास्तव ते चमचे लिंकनचे, असें अनुमान जॅक्सन यांनीं केलें. न्यायशास्त्राच्या भाषेंत हा हेतु अनैकांतिक आहे. लिलीपुष्प ही त्या काळची अत्यंत रुळलेली आकृति. यॉर्कच्या ठशांत तें अर्धें आहे, कित्येक सोनारांच्या खाजगी ठशांत तें आहे, आणि पश्चिम परगण्यांतील चमच्यांच्या वाटींतही तें आढळतें. जेथें साध्य नाहीं तेथेंही जो हेतु राहतो, त्याच्या बळावर साध्य सिद्ध होत नाहीं. १४२३ च्या यादींत लिंकनचें नांव असल्यानें तेथें ठसा असलाच पाहिजे, व ठसा असलाच पाहिजे म्हणून हाच तो ठसा, अशी ही सांखळी आहे. तिचा प्रत्येक दुवा मागील दुव्यापेक्षां कच्चा आहे. पुढील अभ्यासकांनीं यांतील कित्येक चमच्यांबद्दल शंका घेतली, ती रास्त होय.

(३) हाउ दंपतीचे तीन खंड

नॉर्मन गॅस्क यांचें ‘ओल्ड सिल्व्हर स्पून्स ऑफ इंग्लंड’ हें पुस्तक १९२६ मध्यें निघालें व त्यानें या विषयाची गोडी सामान्य संग्राहकांत पसरविली. १९३५ मध्यें एलिस यांचा प्रांतिक चमच्यांचा संग्रह लंडन येथें लिलांवांत निघाला, आणि प्रांतिक चमचा हा स्वतंत्र विषय म्हणून मान्यता पावला. परंतु या क्षेत्रांतील सर्वांत भव्य कृति म्हणजे कमांडर जॉर्ज हाउ व जेन हाउ यांचे तीन खंड. ते १९५२, १९५३ व १९५७ मध्यें प्रसिद्ध झाले. हाउ हे नौदलांतून निवृत्त होऊन जुन्या चांदीच्या व्यापारांत शिरलेले गृहस्थ. त्यांचा मुख्य गुण असा कीं त्यांनीं ठशाइतकेंच, किंबहुना अधिक, घडणीकडे पाहिलें. वाटीचा उतार, दांड्याचे पैलू, शेंड्याची ओत, सांध्याची रीत यांच्या क्रमवार तुलनेनें त्यांनीं चमच्यांची वंशावळ लावली. नुसत्या पुष्पिकेवर विसंबून न राहतां अक्षरांच्या वळणावरून पोथीचा काळ ठरविणाऱ्याची ही पद्धति होय.

या पद्धतीचें एक उदाहरण विस्तारानें सांगण्यासारखें आहे. शेंडा स्वतंत्र ओतून दांड्यास झाळून जोडीत. लंडनचा कारागीर दांड्याच्या टोंकास पाचरीसारखी खांच करून तींत शेंड्याचें टोंक बसवी. प्रांतिक कारागीर दोन्ही टोंकें निम्मीं निम्मीं कापून एकावर एक ठेवी व डाख देई. ठसा झिजून गेला तरी हा सांधा राहतो, आणि भिंगाखालीं तो कोणासही पाहतां येतो. ठशाच्या विद्येंत इतकें निरपेक्ष प्रमाण दुसरें नाहीं. ठसा सांगतो तें कारागिराच्या इच्छेनें. सांधा सांगतो तें त्याच्या हाताच्या संवयीनें. पहिला खोटें बोलूं शकतो, दुसऱ्यास तें कठीण जातें.

तथापि या लक्षणाचीही व्याप्ति तपासली पाहिजे. लंडनमध्यें शिकलेला उमेदवार गांवीं परतून दुकान घाली, तेव्हां तो लंडनचीच रीत चालवी. म्हणजे प्रांतिक असूनही पाचरीचा सांधा संभवतो, व लक्षण अव्याप्त होतें. उलट, शेंडा तुटल्यावर तो एखाद्या गांवच्या सोनारानें पुन्हां जोडला असल्यास लंडनच्या चमच्यावरही प्रांतिक सांधा दिसेल, व लक्षण अतिव्याप्त होईल. शिवाय, सांधा ‘लंडन नव्हे’ एवढें सांगतो. ‘अमुक शहर’ हें तो सांगत नाहीं. घडणीवरून प्रदेश ठरविणें शक्य असतें; शहर व व्यक्ति ठरविणें तिच्या आवांक्याबाहेरचें आहे. ज्या अभ्यासकांनीं ही मर्यादा पाळली, त्यांचे निष्कर्ष टिकले.

(४) केंट यांचें दप्तरसंशोधन

टिमथी केंट यांचा पश्चिम परगण्यांतील चमचे व त्यांचे कर्ते (१५५०–१७५०) यांवरील ग्रंथ १९९२ मध्यें निघाला. आमचे मते या सर्व वाङ्मयांत इतिहाससंशोधकास जवळचा वाटणारा ग्रंथ हाच. केंट यांनीं चमचा बाजूस ठेवून प्रथम दप्तर उघडलें. मृत्युपत्रें, चर्चांतील जन्म-विवाह-मरणाच्या नोंदी, उमेदवारीचे करार, नगरसभांचे हिशेब यांतून त्यांनीं एकेका लहान गांवचा सोनार हुडकून काढला. तो केव्हां जन्मला, कोणाजवळ शिकला, केव्हां वारला, याचा माग लावला. आणि मग त्याच्या नांवाच्या आद्याक्षरांशीं जुळणारा ठसा त्या प्रदेशांत सांपडतो कीं काय, हें पाहिलें.

या रीतीनें निर्जीव ठशामागें जिवंत माणूस उभा राहतो. टॉन्टनचा सोनार टॉमस डेअर याचेंच पाहा. हा राजकारणांत पडलेला गृहस्थ. १६८५ च्या मन्मथ सरदाराच्या बंडांत तो खजिनदार होता, आणि बंडाची फौज लाईम बंदरीं उतरल्यावर थोड्याच दिवसांत एका घोड्यावरून झालेल्या तंट्यांत अँड्र्यू फ्लेचर याच्या गोळीनें ठार झाला. टॉन्टनच्या पिपाचा ठसा व ‘टी. डी.’ हीं अक्षरें एकत्र असलेला चमचा डेअर घराण्याकडे लावतांना येथें शहराचें चिन्ह, आद्याक्षरें व दप्तर अशीं तीन स्वतंत्र प्रमाणें एकाच बिंदूवर मिळतात. यास प्रमाणसंप्लव म्हणावें. येथें संशय घेणाऱ्यानेंच कारण दाखविलें पाहिजे.

परंतु जेथें शहराचें चिन्ह नाहीं व नुसतीं दोन अक्षरें आहेत, तेथें काय? सतराव्या शतकांतील इंग्रज पुरुषांत जॉन, विल्यम व टॉमस या तीनच नांवांचा भरणा फार मोठा होता. शिवाय ‘आय’ व ‘जे’ हीं अक्षरें तेव्हां एकच मानीत. म्हणजे ‘आय. डब्ल्यू.’ हा ठसा किती सोनारांचा असूं शकेल, याचा हिशेब वाचकांनींच करावा. आमच्याकडील एखाद्या कागदावर नुसतें ‘रा. गो.’ असलें, तर त्यावरून रामचंद्र गोविंद कीं रघुनाथ गोपाळ हें कोणी ठरवूं लागल्यास आपण त्यास थांबवूं. केंट यांनीं सामान्यतः अशा ठशास प्रदेशाचा आधार जोडला आहे, ही त्यांची सावधगिरी. त्यांचा ग्रंथ हातीं धरून केवळ अक्षरें जुळवीत बसणाऱ्यांत ती सावधगिरी राहत नाहीं. झिजलेल्या ठशांत हवीं तीं अक्षरें दिसणें हा तर शुद्ध घुणाक्षरन्याय होय. किड्यानें लांकूड पोखरलें, व पाहणाऱ्यानें त्यांत लेख वाचला.

(५) ‘बुद्ध’ नांवाचा शेंडा

आतां ज्या मुद्द्यावर एतद्देशीय अभ्यासकास बोलण्याचा विशेष अधिकार आहे, त्याकडे वळतों. सतराव्या शतकाच्या मध्यावरील पश्चिम परगण्यांतील कांहीं चमच्यांच्या माथ्यावर एक विलक्षण मानवाकृति आहे. संग्राहक व व्यापारी हिला ‘बुद्ध’ म्हणतात, आणि हे चमचे ‘बुद्ध-शेंड्याचे’ म्हणून चढ्या मानानें मिरवितात. त्यांचा संबंध बार्नस्टेपलच्या रॅले क्लॅपहॅम या सोनाराशीं जोडला जातो. ही आकृति हिंदु देवतेवरून घेतली असावी, असेंही सुचविण्यांत आलें आहे. डेव्हनच्या एका बंदरांतील सोनारानें १६४० च्या सुमारास बुद्धाची किंवा विष्णूची मूर्ति ओतली, ही कल्पना मोहक आहे यांत शंका नाहीं. मोहक कल्पनेचीच तपासणी अधिक कसून केली पाहिजे.

पहिला आक्षेप नांवाचा. बुद्ध हें नांव इंग्रजी वाचकांस छापील ग्रंथांतून परिचित होऊं लागलें तें रॉबर्ट नॉक्स याच्या सिंहलद्वीपावरील १६८१ च्या पुस्तकाच्या सुमारास, तेंही ‘बुद्दू’ अशा रूपानें. आणि बुद्धमूर्तीचीं लक्षणें युरोपीय पंडितांनीं नीट ओळखलीं तीं एकोणिसाव्या शतकांत. म्हणजे हें नांव सोनाराचें नव्हे, त्याच्या गिऱ्हाइकाचेंही नव्हे. तें मागाहूनच्या संग्राहकांचें आहे. वस्तूच्या मागाहून पडलेल्या नांवास तिच्या उत्पत्तीचें प्रमाण मानणें म्हणजे नातवाच्या नांवावरून आजाचें बारसें करणें होय.

दुसरा आक्षेप लक्षणाचा. आमच्या शिल्पशास्त्रांत मूर्ति ओळखतात ती लक्षणांवरून. बुद्धाचीं उष्णीष, ऊर्णा, लोंबत्या कर्णपाळी, मुद्रा व आसन. विष्णूचे चार हात व शंख, चक्र, गदा, पद्म. विष्णूच्या चोवीस मूर्ति तर केवळ या चार आयुधांच्या क्रमावरूनच वेगळ्या ओळखतात. क्रम बदलला कीं केशवाचा नारायण होतो. प्रेषितांच्या चमच्यांविषयीं इंग्रज अभ्यासक हीच कसोटी लावतात: किल्ली असेल तर पीटर, तिरपा क्रूस असेल तर अँड्र्यू, सुरी असेल तर बार्थोलोम्यू, करवत असेल तर सायमन, आणि हातांतील खूण तुटली असेल तर प्रामाणिक लेखक ‘ओळख पटत नाहीं’ असें लिहितो. मग जी शिस्त पीटरला लावली जाते, ती बुद्धाला कां लावूं नये? नुसतें पौर्वात्य दिसणें हें लक्षण नव्हे. अंगुळभर ओतीव आकृति झिजली कीं कोणतीही मूर्ति पौर्वात्य दिसूं लागते.

तिसरा आक्षेप मार्गाचा. ईस्ट इंडिया कंपनीची सनद १६०० च्या अखेरीची, सुरतेची वखार १६१३ ची. आणि त्या व्यापाराचा मक्ता लंडनच्या व्यापाऱ्यांकडे होता. बार्नस्टेपलचा व्यापार आयर्लंड, फ्रान्स, स्पेन व पुढें अमेरिकेचा किनारा यांशीं. एखाद्या खलाशानें एखादी मूर्ति खिशांत घालून आणली असेल, हें अशक्य नाहीं. पण ‘अशक्य नाहीं’ यावरून ‘झालें’ हें सिद्ध होत नाहीं.

पर्याय काय, असें विचारल्यास निदान दोन दाखवितां येतील. एक, ही आकृति म्हणजे प्रेषितांच्या किंवा युरोपीय शोभाकामांतील मानवाकृतींच्या सांच्याचें प्रांतिक हातानें झालेलें सुलभीकरण असेल. दुसरा पर्याय गोव्याकडे जातो. सतराव्या शतकांत गोव्याच्या कारागिरांनीं हस्तिदंतांत कोरलेल्या बाल ख्रिस्ताच्या ‘मेंढपाळ’ मूर्ति पोर्तुगालमार्गें युरोपांत जात. त्यांत बाल ख्रिस्त मिटल्या डोळ्यांनीं, गालावर हात टेकून, ध्यानस्थासारखा बसलेला असतो. त्या मूर्तींतील बौद्ध छटेची चर्चा कलेतिहासांत झालेलीच आहे. पश्चिम परगण्यांतील बंदरांचा इबेरियाशीं व्यापार होता, हें ध्यानीं घेतां अशा एखाद्या मूर्तीची नक्कल होणें हें सुरतेहून आलेल्या विष्णूपेक्षां असंभाव्य नाहीं. आम्ही हा सिद्धांत म्हणून मांडीत नाहीं. ज्या पुराव्यावर बुद्ध उभा आहे, त्याच पुराव्यावर बाल ख्रिस्तही उभा राहूं शकतो, हें दाखविण्यापुरताच त्याचा उपयोग. एकच हेतु दोन परस्परविरुद्ध साध्यांस सारखाच लागूं पडत असेल, तर तो दोहोंपैकीं एकासही साधक नव्हे. तोंवर ‘बुद्ध म्हणून ओळखला जाणारा शेंडा’ असें लिहावें. ‘बुद्धाचा शेंडा’ असें लिहूं नये.

(६) टोचलेलीं अक्षरें व बनावट चमचे

चमच्याच्या माथ्यावर किंवा वाटीच्या पाठीवर टोच्यानें ठिपके मारून काढलेलीं आद्याक्षरें व वर्षें पुष्कळदां असतात. वर एक व खालीं दोन अक्षरें असल्यास वरचें आडनांवाचें व खालचीं पतिपत्नींचीं. यांवरून विवाह किंवा बारसें कळतें, व स्थानिक नोंदींशीं तीं जुळल्यास चमचा त्या गांवीं होता हें सिद्ध होतें. परंतु टोचलेलें वर्ष हें घडणीचें वर्ष नव्हे. आजीचा चमचा नातीच्या बारशास दिला जाई व त्या वेळीं नवें वर्ष टोचलें जाई. पोथीच्या अखेरीस मालकानें घातलेला शक जसा लेखनाचा शक नव्हे, तसेंच हें. टोचणी मूळचीच असेल, तर ‘या वर्षापूर्वीं हा चमचा घडला होता’ एवढें ती सांगते, अधिक नाहीं.

मूळचीच असेल तर, असें म्हणण्याचें कारण बनावट. साध्या चमच्यास नवा प्रेषित जोडणें, अठराव्या शतकांतील जेवणाचा चमचा ठोकून त्यास अंजिरी वाटी आणणें, हे प्रकार जुने आहेत. लंडनच्या चमच्यांत ते लवकर उघडे पडतात. कारण चार ठशांच्या जागा ठरलेल्या असतात व ठोकतांना ठसे ताणले जातात. प्रांतिक चमच्यांत एकच ओबडधोबड ठसा. तो नवा कोरणें सोपें. लंडनच्या सुवर्णकार संघानें संशयित वस्तूंच्या तपासणीसाठीं १९३९ मध्यें एक मंडळ नेमलें. आतां क्ष-किरणांच्या साह्यानें धातूचें पृथक्करण होतें. जुन्या चांदीत सोनें व शिसें यांचे अंश राहून जात, विजेनें शुद्ध केलेल्या आधुनिक चांदीत ते नसतात. पण जुनी चांदी आटवून घडविलेल्या बनावट चमच्यापुढें हें साधनही दुबळें ठरतें. शेवटीं विश्वास ठेवण्यासारखें एकच उरतें: ती वस्तु कोठून, कोणाच्या घरून, कोणत्या मार्गानें आली याची अखंड नोंद.

(७) तात्पर्य

या साऱ्या वादांत खरी हानि कोणाची होते? अज्ञात गांवचा चमचा व एखाद्या दुर्मिळ लहान शहराचा चमचा यांच्या मूल्यांत मोठें अंतर असतें. म्हणून ‘अज्ञात’ असें लिहिण्यांत कोणाचाच लाभ नसतो. एका यादींत ‘बहुधा’ शब्दासह शहराचें नांव येतें. पुढील विक्रींत तो शब्द गळतो. त्यापुढें ग्रंथकार त्या यादीचा हवाला देतो, आणि नंतरची यादी त्या ग्रंथाचा. अन्योन्याश्रयाचा याहून निर्मळ मासला पाठशाळेंतही सांपडणार नाहीं. हानि होते ती त्या लहान शहराच्या इतिहासाची. जेथें तीन सोनार होते तेथें तेरा दिसूं लागतात, व ज्या गांवीं खरोखर कोणी होता तें गांव रिकामें राहतें. म्हणून प्रत्येक निर्णयास ‘निश्चित’, ‘संभाव्य’ व ‘अनिर्णीत’ अशा तीन पायऱ्यांपैकीं एक लावावी, व पायरी कोणत्या प्रमाणावर ठरली हें तेथेंच सांगावें. अनिर्णीत म्हणणें हा पराभव नव्हे. पुढील संशोधकासाठीं दार उघडें ठेवणें होय.

आणि आम्हांस? आमच्याकडे चांदीवर सरकारी छापाची योजना आली ती २००५ मध्यें. त्यापूर्वींच्या मराठी सोनाराच्या हातच्या वस्तूंवर बहुधा त्याचें नांव नाहीं, गांव नाहीं, वर्ष नाहीं. मात्र भांड्यांवर नांवें घालण्याची चाल आमच्या घराघरांत होती. ताटें, तांब्ये, पंचपात्रें, निरांजनें यांवर देणाऱ्याचें व घेणाऱ्याचें नांव, प्रसंग, क्वचित् शकही असतो. इंग्रजी चमच्यावरील टोचलेल्या तीन अक्षरांपेक्षां हा पुरावा कितीतरी बोलका आहे. असें असून दरसाल तीं भांडीं वजनावर मोडींत जातात व नांवांसकट आटतात. तिकडे एका अस्पष्ट अक्षरावर ग्रंथ लिहिले जात आहेत. इकडे पूर्ण वाक्यें मुशींत पडत आहेत. आमच्या वाचकांनीं आपल्या व शेजारच्या घरांतील जुन्या भांड्यांवरील नांवें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. भांडें कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्यांत होतें हें शेजारीं लिहावें. वाचतां न येणाऱ्या अक्षराच्या जागीं अंदाजाचें अक्षर न घालतां जागा मोकळी सोडावी. आणि ती यादी मंडळाच्या दप्तरीं पाठवावी. अनुमान करण्यास पुढील पिढी समर्थ आहे. तिला प्रत्यक्ष मात्र आपणच पुरविलें पाहिजे.